पृथ्वीच्या तापमानाचे जुने हिशेब

पृथ्वीचे सरासरी तापमान कधीच एका जागी थांबलेले नाही. माणसाने कोळसा जाळायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधी ध्रुवांजवळ जंगले वाढली होती, आणि कधी बर्फ उष्ण कटिबंधापर्यंत येऊन ठेपले होते. या चढउतारांची काही कारणे पृथ्वीबाहेरची आहेत, काही तिच्या पोटातली: सूर्याचे तेज, पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल, खंडांचे सरकणे, ज्वालामुखी, समुद्राचे प्रवाह. प्रत्येक कारणाची गती वेगळी आहे. एखाद्या ज्वालामुखीचा परिणाम दोन-तीन वर्षांत ओसरतो, कक्षेतला फरक जाणवायला हजारो वर्षे जातात, खंडांना कोट्यवधी वर्षे लागतात. या गती वेगवेगळ्या ओळखायला विज्ञानाला दीडशेहून अधिक वर्षे लागली, आणि मधल्या काळात एका कारणाचे ओझे दुसऱ्यावर टाकण्याचे प्रकार वारंवार घडले.

शोधाची सुरुवात दगडधोंड्यांपासून झाली. स्वित्झर्लंडच्या वाल द बान्य खोऱ्यात ज्याँ-पिएर पेरोदँ नावाचा एक शिकारी राहत असे. हिमनद्यांपासून खूप दूर पडलेले प्रचंड धोंडे आणि कातळांवरचे समांतर ओरखडे पाहून त्याने तर्क केला, की एके काळी हे सारे खोरे बर्फाने भरलेले असले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली ही गोष्ट. शिकाऱ्याचे म्हणणे विद्वानांनी प्रथम उडवून लावले. पण इग्नात्स व्हेनेट्स या अभियंत्याला ते पटले, त्याच्याकडून ज्याँ द शार्पांत्येकडे गेले आणि शार्पांत्येकडून लुई आगासीकडे. आगासी जीवाश्म माशांचा तज्ज्ञ. १८३७ मध्ये न्यूशातेलच्या सभेत श्रोते माशांवरचे व्याख्यान ऐकायला आले होते, आणि त्यांना ऐकावे लागले ते युरोप झाकून टाकणाऱ्या बर्फाविषयी. हिमयुगाची कल्पना तिथून सर्वतोमुखी झाली.

भारतातला पुरावा याहून चमत्कारिक होता. १८५६ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू आणि त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड ओडिशातील तालचेर भागात कोळशाच्या थरांचा शोध घेत होते. कोळशाच्या खाली त्यांना बारीक चिखलात रुतलेल्या मोठमोठ्या धोंड्यांचा थर सापडला. वाहते पाणी गाळ निवडून टाकते. जड आणि हलके एकत्र ठेवून देणे हे बर्फाचे काम. उष्ण देशात बर्फ कुठून आले, याचे उत्तर त्या वेळी कोणाजवळ नव्हते. पुढे १८७२ मध्ये फ्रान्सिस फेडन यांना चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, इरई नदीकाठी याच धोंड्यांच्या थराखाली पेनगंगा चुनखडकाचा घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग दिसला. त्यावर ओरखडे होते, आल्प्समध्ये असतात तसेच. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची ख्याती पाहता या जागेचा हा भूतकाळ गमतीचा म्हणावा लागतो.

हा धोंड्यांचा थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे गोंडवना नावाच्या एकाच भूभागात जोडलेले होते आणि तो भूभाग दक्षिण ध्रुवाभोवती होता. विसाव्या शतकात आल्फ्रेड व्हेगेनर यांनी खंड सरकतात असे मांडले तेव्हा या विखुरलेल्या हिमखुणा त्यांच्या भक्कम पुराव्यांपैकी एक ठरल्या. खंड ध्रुवावर असला की त्यावर बर्फ साचायला जागा मिळते. खंडांमधल्या वाटा उघडल्या किंवा मिटल्या की समुद्राचे प्रवाह बदलतात. डोंगर उभे राहिले की वारे आणि पाऊस बदलतो. मात्र सगळ्या पृथ्वीचे तापमान बदलायला एवढे पुरत नाही. त्यासाठी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब घ्यावा लागतो, आणि तो हिशेब दगडांशी बांधलेला आहे.

महाराष्ट्राचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, या हिशेबात दोन्ही बाजूंना आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आज उरलेले त्यांचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. या उद्रेकांनी हवेत गंधकाचे वायू सोडले, त्यांनी थोड्या काळापुरता गारवा आणला. कार्बन डायऑक्साइड सोडला, त्याने दीर्घकाळ उष्मा वाढवला. त्याच सुमारास मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला लघुग्रह आदळला, त्यामुळे डायनोसॉरांच्या नाशाचे श्रेय कोणाला किती द्यायचे हा वाद अजून चालू आहे. पुढचे काम पावसाने केले. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल होऊन बेसाल्ट झिजवतो. दगडातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नद्यांवाटे समुद्रात जातात आणि तिथे कार्बनसह चुनखडकाच्या रूपाने तळाशी बसतात. बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, आणि उष्ण दमट हवेत आणखी लवकर. कोकणात घराच्या भिंतीला जो जांभा वापरतात तो या झिजेचा अवशेष: विरघळण्याजोगे सगळे वाहून गेल्यावर मागे राहिलेले लोह आणि ॲल्युमिनियम. भारतीय भूखंड सरकत विषुववृत्ताच्या ओल्या पट्ट्यात आला तेव्हा या झिजेने हवेतला कार्बन डायऑक्साइड बराच उतरवला असावा, असे एक मत आहे. हिमालयाच्या उठावामुळे झीज वाढून पृथ्वी थंड झाली, हे मॉरीन रेमो आणि विल्यम रुडिमन यांचे मत त्याहून अधिक गाजले. कारण कोणतेही असो, ५ कोटी वर्षांपूर्वीची ऊबदार पृथ्वी हळूहळू गार होत गेली आणि ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर कायमचे बर्फ बसले.

या पार्श्वभूमीवर गेल्या २५-३० लाख वर्षांत बर्फ पुन्हा पुन्हा वाढले आणि वितळले. या ये-जा करण्यामागचे कारण आकाशात शोधण्याचा पहिला गंभीर प्रयत्न फ्रान्सच्या जोसेफ अदेमार यांनी १८४२ मध्ये केला. दुसरा, आणि कितीतरी खोल, प्रयत्न एका शिपायाचा होता.

जेम्स क्रोल यांचा जन्म १८२१ मध्ये स्कॉटलंडच्या एका गरीब कुटुंबात झाला. शाळा लवकर सुटली. सुतारकाम केले, चहाचे दुकान काढले, दारू न देणारे हॉटेल चालवले, विमा विकला. कशातच जम बसला नाही. १८५९ मध्ये ग्लासगोच्या अँडरसोनियन कॉलेजात त्यांना देखरेखीच्या शिपायाची नोकरी मिळाली. पगार थोडा होता, पण इमारतीत ग्रंथालय होते. झाडलोट उरकल्यावर वाचायला मिळत असे, आणि तेवढ्यावर त्यांनी खगोलगणित आत्मसात केले. १८६४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा हा प्रोफेसर कोण म्हणून विचारणा सुरू झाली. पुढे स्कॉटलंडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जागा मिळाली, १८७५ मध्ये ‘क्लायमेट अँड टाइम’ हा ग्रंथ आला आणि दुसऱ्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व.

क्रोल यांचा युक्तिवाद असा. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा लंबगोलपणा कमी-जास्त होत असतो. आसाची दिशाही सावकाश फिरते. पंचांगकर्त्यांना ठाऊक असलेले संपातचलन ते हेच. सध्या पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणून उत्तर गोलार्धाचा हिवाळा थोडा सौम्य होतो. सुमारे ११,००० वर्षांनी उलटे होईल. कक्षा जास्त लंबगोल असताना हिवाळा सूर्यापासून दूर पडला, तर बर्फ जास्त साचेल. पांढरे बर्फ ऊन परतवते, त्यामुळे गारवा वाढतो, प्रवाह बदलतात, बर्फ आणखी पसरते. लहान कारण स्वतःच्या परिणामामुळे मोठे होते, हा विचार क्रोल यांची खरी देणगी आहे. वेळापत्रक मात्र चुकले. त्यांच्या गणिताने शेवटचे हिमयुग सुमारे ८०,००० वर्षांपूर्वी संपायला हवे होते. नायगारा धबधब्याने मागे सरकत कोरलेली घळ मोजणारे अमेरिकी भूवैज्ञानिक ते दहा हजार वर्षांच्या आसपास आणत होते.

या वादात पुण्यातूनही एक मत पडले. लोकमान्य टिळकांच्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या १९०३ मधल्या ग्रंथात हिमयुगावर स्वतंत्र प्रकरण आहे. वेदांतल्या दीर्घ उषेचे वर्णन ध्रुवप्रदेशाचे आहे, हा त्यांचा सिद्धान्त. तो टिकायचा तर बर्फ आटोपल्याला फार काळ लोटलेला नको होता. गणिताचा नाद असलेल्या टिळकांनी क्रोल यांची मांडणी नीट समजावून दिली, आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांचा अलीकडचा कालखंड स्वीकारला. मूळ वसतिस्थानाचा सिद्धान्त संशोधकांनी पुढे मानला नाही. हिमयुगाच्या तारखेबाबत मात्र त्यांनी धरलेली बाजू बरोबर होती.

क्रोल यांच्या गणितात राहिलेली उणीव सर्बियाच्या मिलुटिन मिलांकोविच यांनी भरून काढली. व्हिएन्नात काँक्रीटच्या बांधकामाचा हा अभियंता १९०९ मध्ये बेलग्रेडला प्राध्यापक झाला. १९१४ मध्ये लग्नानंतर तो आपल्या जन्मगावी, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हद्दीतल्या दाल्य येथे गेला असता महायुद्ध पेटले आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. ओळखीच्या प्राध्यापकांच्या खटपटीने त्याला बुडापेस्टमध्ये नजरकैदेत राहण्याची परवानगी मिळाली, आणि हंगेरियन अकादमीच्या ग्रंथालयात बसून त्याने युद्धाची वर्षे आकडेमोडीत घालवली. त्याने तीन गोष्टी एकत्र आणल्या: कक्षेचा लंबगोलपणा, ज्याचे मुख्य आवर्तन सुमारे एक लाख वर्षांचे; आसाचा कल, जो सुमारे ४१,००० वर्षांत साधारण २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान झुलतो; आणि संपातचलनाचा परिणाम, ज्याची आवर्तने १९,००० ते २३,००० वर्षांची.

निर्णायक सूचना जर्मन हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर क्यॉपेन यांची होती. व्हेगेनर यांचे ते सासरे. हिवाळा कसाही असला तरी ध्रुवाकडच्या मुलखात बर्फ पडतेच, तेव्हा प्रश्न उन्हाळ्यात ते वितळते की नाही एवढाच आहे, असे त्यांनी सुचवले. क्रोल हिवाळ्याकडे पाहत होते, इथून नजर उन्हाळ्याकडे वळली. मिलांकोविच यांनी ६५ अंश उत्तर अक्षांशावर उन्हाळ्यात किती ऊन पोचत होते याचा सहा लाख वर्षांचा आलेख काढला आणि तो १९२४ मध्ये क्यॉपेन-व्हेगेनर यांच्या ग्रंथात छापला गेला. आयुष्यभराच्या कामाचा संग्रह १९४१ च्या एप्रिलमध्ये बेलग्रेडला छापून होत होता, तोच ६ तारखेला जर्मन विमानांनी शहरावर बाँब टाकले आणि छापखाना कोसळला. बरेचसे फर्मे बचावले, शेवटचे पुन्हा छापावे लागले.

एवढे होऊनही १९५० च्या दशकात हा सिद्धान्त मागे पडला, कारण रेडिओकार्बनच्या पहिल्या तारखा त्याच्याशी जुळेनात. न्याय मिळाला तो समुद्राच्या तळाकडून. फोरॅमिनिफेरा हे सूक्ष्म जीव आपल्या कवचात पाण्यातला ऑक्सिजन साठवतात. जमिनीवर बर्फ साचले की हलका ऑक्सिजन त्यात अडकतो आणि समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. तळाच्या चिखलात थरावर थर बसलेली ही कवचे म्हणजे बर्फाची नोंदवही. १९७६ मध्ये जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागरातून काढलेल्या दोन गाळस्तंभांमधून साडेचार लाख वर्षांची नोंद वाचली. तिच्यात एक लाख, ४२,०००, २३,००० आणि १९,००० वर्षांची आवर्तने स्वच्छ उमटली होती. मिलांकोविच तेव्हा हयात नव्हते. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. कक्षेच्या लंबगोलपणामुळे पृथ्वीला वर्षभरात मिळणाऱ्या एकूण उन्हात पडणारा फरक अगदी नगण्य असतो, तरी गेली सुमारे दहा लाख वर्षे हिमयुगे एक लाख वर्षांच्या आवर्तनानेच आली. त्याआधी ती ४१,००० वर्षांनी येत. बर्फाच्या थराची जाडी, खालच्या खडकाचे खचणे आणि कार्बन डायऑक्साइड यांची त्यात भर असणार हे नक्की. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइडचा वाटा दाखवला: रशियाच्या व्होस्तोक तळावरच्या स्तंभाने चार लाख वर्षांची, तर युरोपीय प्रकल्पाने डोम सी येथे काढलेल्या स्तंभाने आठ लाख वर्षांची नोंद दिली. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे १८० भाग, ऊबदार काळात २८० च्या आसपास. कक्षेने सुरुवात करायची आणि समुद्रातून सुटलेल्या वायूने पुढे ढकलायचे, अशी ही जोडी आहे.

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत पाच-सहा अंशांनी कमी होते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण एवढ्यासाठी कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावर किलोमीटरभराहून अधिक जाडीचे बर्फ होते, आणि तेवढे पाणी जमिनीवर अडकल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, जिथे आज ‘बॉम्बे हाय’चे तेलफलाट उभे आहेत, तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे. म्हणजे तो सारा तळ त्या काळी उघडी जमीन होती. मान्सूनही अशक्त होता. त्यानंतर, दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास, पृथ्वी सूर्याजवळ येण्याची वेळ उत्तरेच्या उन्हाळ्यात पडली. जमीन जास्त तापली, मान्सून जोरात आला, सहारात गवत उगवले आणि राजस्थानातली आज खारी-कोरडी असलेली सरोवरे भरून राहिली. कक्षेतल्या बदलाने मान्सून कसा बदलतो याचे पहिले गणिती प्रारूप जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये मांडले.

ज्वालामुखींची गोष्ट कमी गुंतागुंतीची आहे. १७८३ च्या जूनमध्ये आइसलंडमधल्या लाकीच्या भेगेतून लाव्हा वाहू लागला आणि आठ महिने थांबला नाही. युरोपवर कोरडे धुके पसरले. अमेरिकेचे वकील म्हणून तेव्हा पॅरिसजवळ राहणारे बेंजामिन फ्रँकलिन यांनी नोंदवले, की भिंगाने गोळा केलेल्या उन्हाने तपकिरी कागदसुद्धा नीट पेटत नव्हता. त्यापाठोपाठ आलेल्या कडाक्याच्या हिवाळ्याचा संबंध त्यांनी या धुक्याशी जोडला. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील सुंबावा बेटावरचा तांबोरा फुटला. डोंगराचा माथा सुमारे ४,३०० मीटरवरून २,८५० मीटरवर आला. पुढच्या, १८१६ च्या, उन्हाळ्यात युरोप आणि ईशान्य अमेरिकेत पिके गेली, जूनमध्ये बर्फ पडले. पण दोन्ही घटना कोणी तेव्हा जोडल्या नाहीत. तार नव्हती, आणि इंडोनेशिया फार दूर होते.

१८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला तेव्हा तारा होत्या. बातमी जगभर गेली, हवेच्या दाबाची लाट ठिकठिकाणच्या वायुभारमापकांवर उमटली, आणि सप्टेंबरात मद्रासच्या लोकांनी हिरवा सूर्य पाहिला. तिथले प्राध्यापक चार्ल्स मिची स्मिथ यांनी त्याचा वर्णपट तपासला. ते पुढे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचे पहिले संचालक झाले. ऊन अडवते ती राख, असे बराच काळ मानले गेले. राख मात्र आठवड्या-महिन्यांत खाली बसते. टिकतो तो गंधक. गंधकाचा वायू स्थितांबरात पोचला की त्याचे आम्लाचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते वर्ष-दोन वर्षे तिथे राहून ऊन परतवतात. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी पृथ्वी अर्ध्या अंशाने थंड होईल असे आधीच वर्तवले, आणि १९९२ मध्ये जवळजवळ तसेच झाले.

एकटा ज्वालामुखी दीर्घकाळ काही बदलत नाही. पण मोठे उद्रेक लागोपाठ आले तर समुद्र गार होतो, ध्रुवाकडचे सागरी बर्फ वाढते आणि परिणाम रेंगाळतो. इसवी सन ५३६ आणि ५४० चे उद्रेक, किंवा १२५७ मध्ये लोंबोक बेटावर फुटलेला सामालास, यांच्या खुणा ध्रुवीय बर्फात आहेत. साधारण १३ व्या-१४ व्या शतकापासून १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेल्या ‘लघु हिमयुगा’च्या सुरुवातीला असे पाठोपाठचे उद्रेक कारणीभूत असावेत, असे आता बरेच संशोधक मानतात.

सुमात्रातला टोबा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला तो या सगळ्यांहून कितीतरी मोठा. त्याची राख भारतभर पसरली. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, कुकडीच्या काठच्या गाळात, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीत अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. ही राख टोबाच्या याच उद्रेकाची की त्याच्याही लाखो वर्षे आधीच्या एखाद्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत अनेक वर्षे वाद आहे. हत्यारांचे वय त्यावर अवलंबून असल्याने तो क्षुल्लक नाही. टोबाने मानवजात जवळजवळ नष्ट केली, हे मत मात्र सैल पडले आहे. आंध्रातल्या ज्वालापुरम येथे राखेच्या खाली आणि वर सापडलेल्या हत्यारांत फारसा फरक नाही.

सूर्याविषयीचा शोध हा या इतिहासातला सर्वांत आशेचा आणि सर्वांत निराशेचा भाग. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात-घटतात. हे चक्र १८४३ मध्ये डेसाऊचे औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे यांनी जाहीर केले. त्याआधीच १८०१ मध्ये विल्यम हर्शेल यांनी डागांचा संबंध गव्हाच्या भावाशी जोडून पाहिला होता आणि हसे करून घेतले होते. पण चक्र सापडल्यावर चित्र पालटले. हवामानाचे भाकीत करता येईल असे एक घड्याळ हाती आले, अशी भावना पसरली. क्यॉपेन यांनीही १८७३ मध्ये उष्ण कटिबंधातल्या तापमानाचा डागांशी संबंध दाखवला. पुढच्या दशकांची आकडेवारी मिळवल्यावर तो टिकला नाही.

नेमका याच वेळी दख्खन आणि मद्रासवर १८७६-७८ चा दुष्काळ कोसळला. पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवत होती, आणि सरकारचे प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या मजुरीला लावलेल्या कात्रीवर वाद पेटला होता. १८७७ च्या नोव्हेंबरात खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आणि सरकारी सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम विल्सन हंटर यांचा ‘सौरडाग आणि दुष्काळ’ या विषयावरचा लेख लंडनच्या मासिकात आला. डाग कमी झाले की मद्रासचा पाऊस घटतो, असा त्याचा आशय. दुष्काळाचे मूळ सूर्यावर आहे म्हटले की धान्याची निर्यात, साठे आणि मजुरी हे प्रश्न आपोआप मागे पडत. लेखकांचा हेतू तसा असो वा नसो, सरकारला ही मांडणी सोयीची होती. १८७८ पासून डेहराडूनला सूर्याची रोजची छायाचित्रे काढली जाऊ लागली, आणि पुढे मद्रासची वेधशाळा कोडाईकनालच्या डोंगरावर नेऊन १८९९ मध्ये तिथे सौर वेधशाळा उभी राहिली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये थाटलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर तिची २० इंची दुर्बीणही कोडाईकनालला गेली.

लॉकियर स्वतः १८९८ च्या जानेवारीतले खग्रास सूर्यग्रहण पाहायला विजयदुर्गावर आले होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या मोहिमेची आठवण सांगतात. हेलियमचा शोध त्यांनी इथून लावला असे सर्रास ऐकवले जाते, पण सूर्याच्या वर्णपटातली ती रेषा त्यांनी तीस वर्षे आधी इंग्लंडमध्येच पाहिली होती.

डागांचा दावा अखेर सरकारच्याच हवामान खात्याने तपासला. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याचे पहिले प्रमुख म्हणजे तालचेरचे धोंडे पाहणारे हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांनी भाकितासाठी हिमालयातल्या बर्फाचा आधार घेतला. १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणिती होते, हवामानाचे त्यांना फारसे ज्ञान नव्हते, आणि तेच बहुधा उपयोगी पडले. भारतीय कारकुनांची फौज बसवून त्यांनी जगभरच्या दाब, पाऊस आणि तापमानाच्या आकड्यांचे परस्परसंबंध काढायला घेतले. १९१५ मध्ये सौरडागांवरचे त्यांचे निबंध आले. पाऊस असो की तापमान, संबंध इतका क्षीण निघाला की भाकिताला निरुपयोगी. त्याच आकडेमोडीतून मात्र त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांमधली हवेच्या दाबाची झुलती जोडी सापडली. तिला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. तिचे एल निनोशी नाते याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडले. १८७७ चा दुष्काळ एका जबरदस्त एल निनोचा होता. वॉकर निवृत्त झाल्यावर, १९२८ मध्ये, खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांच्या तोंडी अजून ‘सिमला ऑफिस’च आहे.

सूर्य त्यामुळे निकालात निघाला असे नाही. १६४५ ते १७१५ या काळात डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते, याकडे एडवर्ड मॉन्डर यांनी १८९० च्या दशकात लक्ष वेधले, पण जुन्या निरीक्षकांनी नीट पाहिले नसेल म्हणून ते दुर्लक्षिले गेले. १९७६ मध्ये, म्हणजे हेज आणि सहकाऱ्यांच्याच वर्षी, जॉन एडी यांनी जुनी टिपणे आणि झाडांच्या वर्तुळांतला कार्बन-१४ मिळून हा काळ खरा असल्याचे सिद्ध केले. लघु हिमयुगाचा सर्वांत थंड भाग साधारण याच सुमाराचा. तरीही १९७८ पासून उपग्रहांनी घेतलेली मोजमापे सांगतात, की अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचे तेज फक्त ०.१ टक्क्याने बदलते आणि त्याने पृथ्वीचे तापमान सुमारे ०.१ अंश हलते. डागरहित सत्तर वर्षांचा परिणामही याच्या दोन-तीन पटींपलीकडे नसावा. सूर्याचा खरा मोठा बदल वेगळ्याच कालमानावर आहे: साडेचार अब्ज वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता.

समुद्र नवी उष्णता निर्माण करत नाही, आहे ती इकडून तिकडे नेतो. एल निनोच्या वर्षी जगाचे तापमान ०.१ ते ०.२ अंशांनी चढते, ला निनात उतरते. अटलांटिकमधला उत्तरेकडे उष्णता नेणारा प्रवाह मंदावला तर परिणाम शतकांचा होतो. शेवटचे हिमयुग ओसरत असताना, १२,९०० वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिकभोवतीचा प्रदेश पुन्हा गारठला आणि बाराशे वर्षांनी, काही दशकांच्या अवधीत, झपाट्याने तापला. ग्रीनलंडच्या बर्फात ही उडी स्पष्ट दिसते.

आंतरसरकारी हवामान मंडळाने २०२१ च्या अहवालात हे सारे हिशेब एकत्र मांडले. १८५०-१९०० या काळाच्या तुलनेत २०१०-२०१९ पर्यंत पृथ्वी सुमारे १.१ अंश तापली. त्यात सूर्य आणि ज्वालामुखी मिळून वाटा उणे ०.१ ते अधिक ०.१ अंशाचा, समुद्र-हवेच्या अंतर्गत हेलकाव्यांचा उणे ०.२ ते अधिक ०.२ चा. कारण सूर्य असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात स्थितांबर थंड होत गेले आहे, आणि १९८० नंतर सूर्याच्या तेजात वाढ नाही. कक्षेतल्या बदलांचा ओघ तर उलट दिशेला आहे: गेली सुमारे दहा हजार वर्षे उत्तरेच्या उन्हाळ्यातले ऊन घटत आले. कक्षा सध्या जवळजवळ गोल असून पुढे आणखी गोल होणार असल्याने, आंद्रे बर्जे आणि मारी-फ्रान्स लूत्र यांच्या गणितानुसार, हवेत मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइड नसता तरी पुढचे हिमयुग सुमारे ५०,००० वर्षे आले नसते.